सलामिसचा हिशेब

माणसं दोनच प्रकारची असतात, खाणारी आणि न खाणारी, असं मी नोकरीची सगळी वर्षं धरून चाललो होतो. नोकरी लेखापरीक्षणाची. आज या नगरपालिकेत तर उद्या त्या पंचायत समितीत जायचं, दुसऱ्यांची रजिस्टरं उघडायची, बेरजा तपासायच्या, मेमो काढायचे. ऑडिटवाले आले की त्यांची बडदास्त कशी ठेवली जाते हे वेगळं सांगायला नको. मी त्यातलं काही घेत नसे. डबा घरचा, चहा स्वतःच्या पैशाने, मुक्काम स्टँडजवळच्या लॉजवर. ‘हे साहेब चहासुद्धा घेत नाहीत’ असं कोणी कोणाच्या कानात सांगताना ऐकू आलं की बरं वाटायचं. फारच बरं वाटायचं. पाकीट मिळाल्यावर इतरांना जेवढं वाटत असेल, त्याहून काही कमी नसावं.

निवृत्तीनंतर मी रोमन लेखक इंग्रजी भाषांतरांतून वाचायला घेतले, तेही याच गुर्मीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावात आपल्या जातकुळीचा कोणी भेटतो का, हे मला बघायचं होतं. लगेच भेटला. सिसेरो.

इ.स.पू. ७० मध्ये सिसेरोने गायस व्हेरेसवर खटला चालवला. व्हेरेस इ.स.पू. ७३ ते ७१ अशी तीन वर्षं सिसिलीचा सुभेदार होता. सिसेरोची या खटल्यातली भाषणं वकील मंडळी वक्तृत्वासाठी वाचतात. मी ती ऑडिट रिपोर्ट म्हणून वाचली आणि अक्षरशः हरखलो. सिसिलीच्या शेतकऱ्याने पिकाचा दहावा हिस्सा रोमला द्यायचा आणि वसुलीचा मक्ता लिलावाने जायचा, ही जुनी रीत होती. व्हेरेसने फर्मान काढलं, की मक्तेदार मागेल तेवढं धान्य आधी देऊन टाका, जास्त घेतलं असं वाटलं तर मागाहून दावा लावा. दावा ऐकायला बसणार व्हेरेसच्याच गोतावळ्यातले लोक. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि तेही कायद्यात बसवून. सिसेरोने नुसते आरोप केले नाहीत, त्याने गावोगावच्या नोंदी काढल्या. लिओंटिनीच्या शिवारात व्हेरेस आला तेव्हा ८४ कसणारे होते, तिसऱ्या वर्षी ३२ उरले. आगिरिअममध्ये २५० चे ८० झाले. एकाच कामाची दोन वर्षांची रजिस्टरं शेजारी ठेवली की चोर आपोआप उभा राहतो, हे आम्हाला नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवतात. सिसेरोला ते कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

आणि ती खाडाखोड! जकातीच्या मक्तेदार कंपनीच्या वह्यांत ‘व्हेरुकिअस’ नावाच्या कोणा माणसाची खाती होती. नावाची पहिली अक्षरं स्वच्छ, पुढची मात्र प्रत्येक ठिकाणी खोडून वर गिरवलेली. असा माणूस सिसिलीत कोणाला माहीत नव्हता. सिसेरोने साक्षीदार बसवून त्या पानांची जशीच्या तशी नक्कल करून घेतली, खाडाखोडीसकट, आणि ती न्यायालयात दाखवली. मी ते पान परत परत वाचलं. खोडलेल्या आकड्यावर भिंग धरून बसलेल्या माणसालाच त्यातली गोडी कळेल.

न्यायालयही काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. प्रांतांतल्या लुटीची चौकशी करायला रोमने इ.स.पू. १४९ मध्ये कायमचं न्यायमंडळ नेमलं होतं. पण या खटल्याच्या वेळी पंच होते सगळे सेनेटर, म्हणजे उद्या स्वतःच सुभेदार होऊन जाणारे किंवा जाऊन आलेले. व्हेरेस म्हणे उघड सांगायचा, की पहिल्या वर्षाची कमाई माझी, दुसऱ्या वर्षाची वकिलांची आणि तिसऱ्याची पंचांची. बचावाला हॉर्टेन्सिअस, त्या वेळचा सगळ्यात मोठा वकील. खटला पुढच्या वर्षात ढकलायचा, म्हणजे मर्जीतला माणूस न्यायाधीश होऊन बसेल, असा बेत शिजला होता. सिसेरोने लांबलचक भाषणाला फाटा दिला आणि थेट साक्षीदार उभे केले. निकालाची वाट न बघता व्हेरेस मसिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेलला, निघून गेला.

झालं. माझ्या दोन ढिगांपैकी एकात व्हेरेस, दुसऱ्यात सिसेरो. बाकीच्या रोमनांची वाटणी करायला मग वेळ लागला नाही.

सॅलस्टला तर मी पहिल्या बैठकीतच निकालात काढलं. कार्थेज पडल्यावर, म्हणजे इ.स.पू. १४६ नंतर, रोमला धाक उरला नाही, मग पैशाची आणि सत्तेची हाव आली, आणि गाव विकाऊ झालं, हे त्याचं सांगणं. सांगणारा कोण? ज्याला सीझरने इ.स.पू. ४६ मध्ये आफ्रिकेतल्या नव्या प्रांतावर नेमलं आणि ज्याने तो प्रांत लुटला, असं कॅशिअस डिओ हा इतिहासकार लिहितो तो. रोममधली त्याची बाग इतकी मोठी, की पुढे ती सम्राटांनी वापरली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! पुस्तकाच्या समासात मी पेन्सिलीने ‘ढोंगी’ असं लिहिलेलं अजून आहे. टॅसिटसला ‘कडू’ म्हणून बाजूला ठेवलं. सम्राट डोमिशियनच्या जुलमाबद्दल तावातावाने लिहितो, पण त्याच डोमिशियनच्या राज्यात हा एकेक पायरी चढत होता. इ.स. ८८ मध्ये प्रीटर या वरच्या पदावर पोचला, तेव्हा गादीवर डोमिशियनच होता. अशा माणसाचं काय ऐकायचं?

माझी कसोटी सोपी होती. आधी हात दाखवा, मग बोला.

यानंतर मी सिसेरोची पत्रं घेतली. ॲटिकस हा त्याचा जिवाभावाचा मित्र. त्याला लिहिलेल्या पत्रांत भाषणांतला थाट नाही. तक्रारी आहेत, गप्पा आहेत, पैशाची उलाढाल आहे, स्वतःचं कौतुक तर भरपूर. इ.स.पू. ५१ मध्ये सिसेरोला मनाविरुद्ध किलिकियाचा सुभेदार म्हणून जावं लागलं. आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण किनारा, त्यामागचा काही मुलूख आणि त्याला जोडलेलं सायप्रस बेट, असा तो प्रांत. आधीचा सुभेदार आप्पिअस क्लॉडिअस याने तो पुरता पिळून काढला होता. सिसेरो पोहोचल्यावर मित्राला लिहितो, की आम्ही कायद्याने मिळणारी वैरणसुद्धा घेत नाही, जळणही नाही. चार खाटा आणि डोक्यावर छप्पर, एवढंच घेतो, आणि कित्येक ठिकाणी तर छप्परही नाही, तंबूतच राहतो.

माझ्या डब्याचा आणि चहाचा इतका जुना पूर्वज सापडेल असं वाटलं नव्हतं. त्या ओळींखाली मी दोनदा रेघ मारली.

सायप्रसचे लोक दर साली सुभेदाराला २०० टॅलेंट चांदी देत असत. कशासाठी? हिवाळ्यात आमच्या घरांत सैन्य उतरवू नका, यासाठी. सिसेरोने ती प्रथा बंद केली, एक पैसा घेतला नाही. पुतळे, देवळं, रथ असले मानसन्मानही नाकारले. मी मनात म्हणालो, हा खरा.

सलामिसचं प्रकरण येतं ते याच पत्रांमध्ये. ते वाचताना मला आधी काही खटकलंही नाही, कारण मी आकड्यांच्या नादात होतो.

सायप्रसमधल्या सलामिस शहराने काही वर्षांपूर्वी रोममधून कर्ज काढलं होतं. प्रांतातल्या लोकांना रोममध्ये कर्ज द्यायला कायद्याने बंदी होती, पण सेनेटकडून खास ठराव करून घेऊन हा व्यवहार झाला. व्याज महिना शेकडा ४, म्हणजे वर्षाला ४८. कागदावर सावकार म्हणून स्काप्टिअस आणि मॅटिनिअस यांची नावं. वसुलीसाठी स्काप्टिअसने आप्पिअसकडून सरकारी हुद्दा आणि घोडेस्वार मिळवले, आणि सलामिसच्या नगरसभेला तिच्याच सभागृहात कोंडलं. पाच सभासद उपासमारीने मेले. सभागृहात बसलेली, गावाच्या कर्जाची चर्चा करणारी माणसं, अन्नावाचून मेली.

सिसेरोने आल्या आल्या ते घोडेस्वार बेटावरून काढले. त्याच्या जाहीरनाम्यात व्याजाला शेकडा १२ ची मर्यादा होती. मग त्याने दोन्ही पक्षांना समोर बोलावलं. स्काप्टिअसने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की कर्जदारांना आपलं देणं २०० टॅलेंट असल्याचं वाटतंय, तेवढं कबूल करून घ्या. सिसेरोने सलामिसच्या लोकांना विचारलं, किती होतात? ते म्हणाले, १०६. स्काप्टिअस ओरडायला लागला. सिसेरोने सांगितलं, बसा आणि हिशेब जुळवा. बसले. जुळवला. सलामिसवाल्यांचा आकडा शेवटच्या नाण्यापर्यंत बरोबर निघाला.

सलामिसची माणसं तिथल्या तिथे पैसे द्यायला तयार होती. ती असंही म्हणाली, की एका अर्थी हे तुमच्याच पैशातून देतो आहोत. सुभेदाराला दर वेळी जे द्यावं लागायचं ते तुम्ही घेतलं नाही, तेच वाचलेलं हे. प्रामाणिकपणाचा एवढा मोठा दाखला कोणाला मिळतो? माझा ऊर भरून आला होता.

स्काप्टिअसने सिसेरोला पुन्हा बाजूला घेतलं. म्हणाला, आत्ता हे असंच राहू द्या.

आणि सिसेरोने राहू दिलं.

मागणी निर्लज्जपणाची होती असं तो स्वतःच लिहितो, पण ऐकली. सलामिसचे लोक कुरकुरले. त्यांनी विनवलं की निदान पैसे देवळात ठेव म्हणून ठेवू द्या, म्हणजे व्याज तरी थांबेल. तेही त्याने दिलं नाही. निकाल नाही, ठेव नाही. मीटर चालू.

मी पान उलटून पुन्हा मागे गेलो. वाटलं, भाषांतरात काही गाळलं असेल. गाळलेलं नव्हतं. पुढच्या पत्रांत खुलासा होतो. पैसे स्काप्टिअसचे नव्हतेच, ब्रूटसचे होते. शेक्सपिअरच्या नाटकात आपण शाळा-कॉलेजात भेटलेला तोच थोर ब्रूटस, आप्पिअसचा जावई. त्याने ही गोष्ट आधी सिसेरोलाही सांगितली नव्हती. ॲटिकस, सिसेरोचा सुसंस्कृत मित्र, तोही आग्रह करतो, की स्काप्टिअसला निदान ५० घोडेस्वार द्या. सिसेरो चिडून लिहितो, की ५० स्वार काय थोडे आहेत, बंडखोर गुलाम स्पार्टाकसकडेसुद्धा सुरुवातीला तेवढे नव्हते! स्वार त्याने दिले नाहीत. पण मी सलामिसच्या लोकांना गप्प राहायला राजी केलं, हेही तोच सांगतो. आणि पुढे विचारतो, माझ्या जागी पौलस आला तर यांचं काय होणार? पौलस ब्रूटसच्या नात्यातला. मग म्हणतो, हे सगळं ब्रूटससाठी केलं.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पुढे काय होणार ते माहीत असूनही त्याने फाईल पुढच्यासाठी ठेवली.

पहिल्यांदा मी सिसेरोची वकिली केली. स्वतःशीच, पण नेटाने. त्याला रुटिलिअस रूफस आठवला असेल, असं मी म्हटलं. रुटिलिअसने आशिया प्रांतात रोमन मक्तेदारांना वेसण घातली होती. त्यांनी इ.स.पू. ९२ च्या सुमारास त्याच्यावरच लुटीचा आरोप ठेवून त्याला दोषी ठरवलं, आणि तो जाऊन राहिला कुठे, तर ज्यांना लुटलं असं म्हणत होते त्याच लोकांच्यात, स्मिर्नाला. सिसेरो तरुणपणी त्याला तिथे भेटला होता. सावकाराला हात लावणाऱ्याचं काय होतं हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय त्या दिवसांत सिसेरोला एका किरकोळ लढाईबद्दल विजयाची मिरवणूक हवी होती, सेनेटमधली मतं हवी होती, आणि सेनेटमधला वजनदार केटो हा ब्रूटसचा मामा. माणूस अडचणीत होता हो!

वकिली करता करता त्याची दुसरी भाषणं हाती आली आणि मी आणखी खाली आलो. व्हेरेसच्या खटल्यानंतर पुढच्याच वर्षी, इ.स.पू. ६९ मध्ये, सिसेरो फॉन्टेयसच्या बचावाला उभा राहिला. आरोप तोच, प्रांताची लूट, या वेळी गॉलमधली. इ.स.पू. ५९ मध्ये फ्लॅकसच्या बचावाला, आरोप पुन्हा तोच. सिसिलीच्या ज्या ग्रीक साक्षीदारांना त्याने सभ्य, सोशिक, विश्वासू म्हणून उभं केलं होतं, त्यांच्याच आशियातल्या भाऊबंदांची इथे त्याने यथेच्छ टिंगल केली. ग्रीकांच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवतो, असा सगळा सूर. इतकी वर्षं मी नोंदी तपासणारा सिसेरो पाहिला होता. वकील सिसेरो माझ्या नजरेतून सुटला होता, कारण तो मला पाहायचाच नव्हता.

तरीही मला टोचत होतं ते ही भाषणं नव्हेत. ‘आत्ता हे असंच राहू द्या’ हे वाक्य टोचत होतं, कारण ते मी मराठीत ऐकलेलं आहे.

एका नगरपालिकेत कंत्राटी सफाई कामगारांच्या पगारातून फंड कापला जात होता आणि भरणा झाल्याची चलनं नव्हती. मी मेमो काढला. वरिष्ठांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, बदलीचं नाव काढलं नाही. सभ्य माणूस, तेही न खाणारे. म्हणाले, “आक्षेप काढू नका असं मी म्हणत नाही. फक्त आत्ता पक्का करू नका. माहिती मागवा. पुढच्या वर्षीच्या टीमला बघता येईल.” मी लिहिलं, की भरण्याबाबतची माहिती मागवण्यात आली असून अनुपालनाच्या अधीन राहून परिच्छेद प्रलंबित ठेवण्यात येत आहे. वाक्य निर्दोष आहे. आजही त्यात कोणाला चूक काढता येणार नाही.

त्यानंतर कामगारांतल्या दोघी-तिघी भेटायला आल्या. पगाराच्या पावत्या त्यांना कधी मिळालेल्याच नव्हत्या. एकीने मुलाच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर महिन्यागणिक किती कापले ते लिहून ठेवलं होतं. मी सवयीने बेरीज केली. बरोबर होती. “कार्यवाही सुरू आहे,” मी म्हणालो. त्यांनी खालच्या टपरीवरून चहा मागवला होता. त्याचे पैसे मी दिले. आग्रहाने दिले, त्या नको नको म्हणत असताना.

मग माझी नेमणूक दुसरीकडे झाली. त्या परिच्छेदाचं पुढे काय झालं हे एका फोनवर कळलं असतं. तो फोन मी केला नाही. आणि वाईट वाटायचं सोडाच, नोकरीतल्या स्वच्छ वर्षांत मी ते वर्षही मोजत आलो. हात स्वच्छ असल्याचा मला इतका अभिमान होता, की ते हात काय करत होते याकडे लक्षच गेलं नाही.

इटलीतल्या पेट्रार्क या कवीला सिसेरोची ही पत्रं १३४५ मध्ये व्हेरोनात सापडली. तोवर तो सिसेरोला जवळजवळ पूजत होता. पत्रं वाचून तो इतका दुखावला, की त्याने चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोलाच उलट पत्र लिहिलं. त्याची तक्रार वेगळी होती, सिसेरोच्या राजकारणातल्या धरसोडीबद्दलची. पण ते पत्र का लिहावंसं वाटलं असेल हे मला समजतं. मीही बरेच दिवस मनात सिसेरोशी भांडत होतो. भांडताना दर वेळी उत्तर त्याचंच चांगलं यायचं. मी निदान मित्राला लिहिलं तरी, तो म्हणायचा. तू कोणाला सांगितलंस?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सलामिसचा सगळा तपशील आपल्याला मिळतो तो सिसेरोकडूनच. २०० आणि १०६ हे आकडे त्याने लिहिले, आपण मान तुकवली हे त्याने लिहिलं, मागणी निर्लज्ज होती हेही त्यानेच. प्लुटार्कने ब्रूटसचं चरित्र लिहिलं, त्यात या कर्जाची गोष्टच नाही. सिसेरोने ॲटिकसला ती कळवली नसती तर ब्रूटस आज नुसताच थोर उरला असता.

मग मी ज्यांना बाजूला ठेवलं होतं त्यांच्याकडे परत गेलो, थोडा ओशाळूनच.

सॅलस्टने कॅटिलाईनच्या कटावरच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे, की तरुणपणी मीही सार्वजनिक कामात पडलो, तिथे सगळा बेशरमपणा आणि लाचखोरी होती, त्याचा मला तिटकारा होता, तरी महत्त्वाकांक्षेने मला त्यात अडकवून ठेवलं. हे पान मी पहिल्या वेळी वाचलं होतं. ‘ढोंगी’ हा शेरा त्याच्याच शेजारी आहे. कबुली देणाऱ्यालाच मी ढोंगी म्हणत होतो. आफ्रिकेचं काय, हे तो सांगत नाही, आणि ते त्याने सांगायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. पण महत्त्वाकांक्षा हा दुर्गुण असला तरी सद्गुणाच्या जवळचा, चांगला आणि वाईट दोघेही मान आणि अधिकारच मागतात, हे त्याचं निरीक्षण मी आता निराळ्या कानांनी ऐकतो. पैशाची हाव ओळखायला सोपी. मला कधी पैसा नको होता. मला ‘चहासुद्धा घेत नाहीत’ हे हवं होतं, आणि वरिष्ठांनी चांगलं म्हणायला हवं होतं. त्या दोन्हींच्या मध्ये सफाई कामगारांचा फंड अडकला. तळं राखणाऱ्याने पाणी चाखलं, एवढंच म्हणून सॅलस्टला सोडून देता येत नाही. त्या पाण्याची चव त्याला माहीत होती, म्हणूनच त्याचं लिहिणं इतकं नेमकं आहे.

टॅसिटसने तर मला अवाक केलं. इ.स. ९८ मध्ये सासऱ्याचं, ॲग्रिकोलाचं चरित्र लिहिताना शेवटी तो डोमिशियनच्या काळातल्या अत्याचारांवर येतो. सेनेटर हेल्व्हिडिअसला तुरुंगात कोणी नेलं? आमच्या हातांनी, असं तो लिहितो. सम्राटाच्या नाही, आमच्या. सेनेटमध्ये बसलेल्या सगळ्यांच्या. त्या सुमारास टॅसिटस स्वतः रोममध्ये नव्हता अशीही शक्यता आहे, चार वर्षं बाहेर होतो असं तो त्याच पुस्तकात सांगतो. तरी ‘त्यांच्या हातांनी’ म्हणायची सोय त्याने वापरली नाही. ज्याला मी नुसता कडू समजलो तो स्वतःला त्या कडवटपणातून वगळत नव्हता, आणि मला ते दिसलं नव्हतं.

हा टॅसिटस आणि त्याचा मित्र प्लिनी यांनी पुढे इ.स. १०० च्या जानेवारीत आफ्रिकेचा सुभेदार मारिअस प्रिस्कस याच्यावर सेनेटमध्ये खटला चालवला. समोर खुद्द सम्राट ट्राजन बसलेला. प्लिनी जवळजवळ पाच तास बोलला. प्रिस्कसने लाच घेऊन निरपराध माणसांना शिक्षा दिल्या होत्या. एकाला आधी मारहाण, मग खाणीत, शेवटी तुरुंगात गळा आवळून मारलं, त्याची किंमत ७ लाख सेस्टर्स. सेनेटने त्याला इटलीतून घालवलं आणि ते ७ लाख भरायला लावले. कोणाकडे? सरकारी खजिन्यात. जुव्हेनल हा उपहासकार लिहून गेला आहे, की प्रिस्कस हद्दपारीत मजेत पीत बसला आणि खटला जिंकलेला प्रांत रडत राहिला. वसुली झाली की आम्हीही परिच्छेद वगळून मोकळे होतो.

एका जुन्या सहकाऱ्याला हे सगळं ऐकवलं तर तो वैतागला. “म्हणजे आता सगळे सारखेच? व्हेरेस आणि सिसेरो एकाच मापाचे?” नाही. हे मला कोणी माझ्या तोंडी घालू नये. पाच सभासद उपाशी मेले ते आप्पिअसच्या कारकिर्दीत. सिसेरोने स्वार हटवले आणि ॲटिकसने गळ घातली तरी परत दिले नाहीत. सलामिसमध्ये त्या वर्षी कोणी मेलं नाही. ज्याच्या घरातलं माणूस सभागृहात कोंडलं जायचं वाचलं, त्याला हा फरक समजावून सांगायला नको. परतताना सिसेरोने प्रांताच्या भत्त्यातले १० लाख सेस्टर्स खजिन्यात जमा केले तेव्हा त्याचाच कर्मचारीवर्ग कण्हत होता, की हे आम्हाला वाटायला हवे होते. कायद्यात बसणारे २२ लाख त्याने स्वतःसाठी ठेवले, हेही खरं. माणूस चांगलाच होता. चांगला होता म्हणूनच तर स्काप्टिअसला त्याला लाच द्यावी लागली नाही. नुसतं बाजूला घ्यावं लागलं.

ब्रूटसबद्दल माझं मन अजून वळत नाही. उपकार मागतानाही त्याची पत्रं उद्धट असायची असं सिसेरो लिहितो, आणि महिना ४ टक्क्यांनी गाव उपाशी मारणाऱ्याने स्वातंत्र्याच्या नावाने खंजीर उचलावा हे मला पचत नाही. नव्याने उघडलेल्या मनालाही काही दारं बंद ठेवायची सवय राहते, त्यातलं हे एक असेल. राहू दे.

मी आता त्या पत्रांत फिरून फिरून थांबतो ते वेगळ्याच ठिकाणी. सिसेरो, ब्रूटस, ॲटिकस, सगळी मोठी नावं. पण सलामिसकडून तो हिशेब लिहिणारा कोणी कारकून असणार. त्याचं नाव पत्रात नाही. त्याच्या नगरसभेतले पाच जण मेलेले, सभागृहाला घोडेस्वारांचा वेढा पडून गेलेला, तरी त्याने मुद्दल, व्याज, तारखा नीट मांडून ठेवल्या होत्या. रोमन सुभेदारासमोर, रोमन सावकार ओरडत असताना, त्याचा आकडा पुन्हा तपासला गेला आणि एका नाण्याचाही फरक निघाला नाही. त्या खोलीत हिशेब एवढा एकच जण देत होता. पैसे द्यायलाही सलामिसवालेच तयार होते. घ्यायला कोणी तयार नव्हतं.